अकरा दिवसांचं मौन

ही गोष्ट घडली ते साल दोन हजार एक्केचाळीस. त्या वर्षी साताऱ्याकडे थंडी लवकर पडली आणि शाळवाची पेरणी उशिरा झाली, एवढं त्या भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवतं. गाड्या बऱ्याचशा आपल्या आपण चालायला लागल्या होत्या, फोन माणसांच्या आवाजात बोलत होते. तरी मयताचा निरोप यंत्राने नाही, माणसानेच माणसाला द्यायचा, ही रीत खेड्यांतून टिकून होती.

डॉ. उज्ज्वला माने तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती रसायनशास्त्रज्ञ होती आणि तिचा जन्म मऊ पदार्थांत गेला होता. ना धड पातळ, ना धड घट्ट, असे पदार्थ. जेली, साय, भिजलेला डिंक. त्यांच्यातले रेणू एकमेकांना धरून कसे उभे राहतात, कुठल्या दिशेला तोंड करतात, कशाने वळतात, हे ती तीस वर्षं बघत आली होती. तिची आई तानूबाई कोरेगाव तालुक्यातल्या बोरजाईवाडीला राहायची. लेक नक्की करते तरी काय, हे तिने एकदा नीट विचारून घेतलं आणि सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे एवढं शिकून शेवटी लुगड्याची खळच शिजवतीस म्हण की!"

उज्ज्वलाला सात वर्षांनी मोठी बहीण होती, शालन. तानूबाई रानात आणि धाकटी शालनच्या काखेत, असंच ते बालपण गेलं. तानूबाईची हाक तीन रानं ओलांडून जायची आणि शालनने ती जशीच्या तशी उचलली होती. ओढ्याकाठी खेळणाऱ्या उज्ज्वलाला बांधावरून "उजूऽऽ" अशी हाक यायची, ती आईची की अक्काची, हे घरी पोचेपर्यंत कळायचं नाही. त्या काळी रानात फोन लागत नसत. सगळा संसार हाकांवर चालायचा.

शालन पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. तिचे यजमान विलासराव शेडगे भूमापन खात्यात होते. जिल्ह्यातले निम्मे बांध त्यांनी मोजलेले. पन्नाशीनंतर काचबिंदूने त्यांची नजर गेली. तेव्हापासून साताऱ्याच्या त्या घरात विलासरावांचे डोळे म्हणजे शालनची जीभ. पायरी आली, दूध उतू चाललंय, दारात पोस्टमन आहे, आज आभाळ लाल झालंय, सगळं ती बोलून दाखवायची. आणि एकोणचाळीस साली तिच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढली, जीव वाचला, आवाज गेला. कुजबूजसुद्धा उरली नाही. तोंडातून नुसती हवा यायची.

आंधळा नवरा आणि मुकी बायको. लोक हळहळायचे, मग म्हणायचे, आता फोन आहेत की. फोन होताच. टाळेबंदीच्या वर्षी शालनने मुलांना धडे वाचून पाठवले होते, त्या जुन्या ध्वनिफितींवरून फोनने तिचा आवाज उचलला होता. ती टाइप करायची, फोन बोलायचा.

एक्केचाळीसच्या ऑगस्टमध्ये शालन जिन्यावरून पडली. दीड तास तशीच पडून होती. विलासराव परसात कण्हेरीला पाणी घालत होते, पंधरा पावलांवर. त्यांना काही कळलं नाही. सरपटत ती फोनपर्यंत पोचली तेव्हा त्यांना कळलं.

ऐकून उज्ज्वला धावत आली.

"दाजी, फोन बोलला ना पण?"

"बोलला की," विलासराव म्हणाले. "'मी जिन्यावरून पडले आहे,' म्हणाला. कसं? आज वांग्याची भाजी आहे म्हणावं तसं. मला आधी वाटलं, चेष्टा करतीय." ते थोडे हसले. "उज्ज्वला, शाळेतल्या बाई बोलतात गं माझ्याशी. बायको नाही बोलत. ही रागावलीय का दमलीय, जवळ बसलीय का उठून गेलीय, काही पत्ता लागत नाही. आयुष्यभर साखळी टाकून जमिनी मोजल्या, आता घरातल्या घरात बायको किती अंतरावर आहे ते सांगता येत नाही मला."

शालन पाय लांब करून बसली होती. घोट्याला प्लास्टर. तिने फोनवर काहीतरी टाइप केलं आणि फोन गोड, स्वच्छ आवाजात म्हणाला, "यांना सांग, पत्ता लागायला आधी आपण जागेवरून हलावं लागतं."

तिघंही हसले. हसताना शालनच्या तोंडातून भात्यासारखी हवा निघाली. त्या रात्री पुण्याला परतताना उज्ज्वलाने ठरवलं.

तिच्या हातात तेव्हा तयार असं एक औषध होतं. आपल्या गळ्यात दोन पट्ट्या असतात. त्यांच्यावर सायीसारखा मऊ थर असतो. बाई बोलते तेव्हा हा थर सेकंदाला दोनशे वेळा लहरतो, आणि त्या लहरण्यालाच आपण आवाज म्हणतो. शालनची गाठ काढली तिथे व्रण धरला. साय गेली, चामडं आलं. चामडं लहरत नाही.

उज्ज्वलाने बनवलेला सत्ताविसावा रेणू, ज्याला प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'सत्तावीस' म्हणत, अंगाने लांबट होता. पाण्यात सोडला की हे रेणू कुणी न सांगता एकमेकांना चिकटत, त्यांचे दोरे होत, आणि दोऱ्यांच्या जाळ्यात पाणी अडकून त्याची साय धरे. पहिले अकरा दिवस हे दोरे सैल असत. पाटाच्या पाण्यात पडलेली काडी जशी धारेच्या दिशेला वळते, तसे ते ताण बसेल तिकडे वळत. अकरा दिवसांनंतर दोऱ्यादोऱ्यांत गाठी बसत आणि दिशा कायमची पक्की होई. दोरे पट्टीच्या लांबीने पडले तर आवाज. आडवे पडले तर काही नाही.

म्हणून रोग्याच्या गळ्याला एक पट्टा बांधायचा. तो दिवसातून तीनदा, अर्धा अर्धा तास, मोजून मापून गुणगुणल्यासारखा थरथरायचा आणि दोऱ्यांना वळण लावायचा. एरवी मौन. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. हे नियम उज्ज्वलाने स्वतः लिहिले होते. तेरा जणांवर प्रयोग झाला होता आणि तेरापैकी बारा बोलायला लागले होते. एक वाईट गोष्ट होती. व्रण खरवडून सत्तावीस भरायचं, आणि एकदा खरवडल्यावर पट्टी इतकी पातळ उरायची की दुसऱ्यांदा खरवडता येत नसे. संधी एकच.

रोगी निवडणाऱ्या समितीपुढे शालनचं नाव डॉ. मुजावरांनी ठेवलं, कारण सख्ख्या बहिणीचं नाव उज्ज्वलाला ठेवता येत नव्हतं. मुजावर मिरजेकडचे, घशाचे सर्जन, हाताने अत्यंत हलके आणि तोंडाने तितकेच मोकळे. त्यांनी शालनला सगळं समजावून सांगितलं. "ताई, अकरा दिवस गप्प बसायचं. जमेल?"

शालनने फोन पुढे धरला. फोन म्हणाला, "डॉक्टर, दोन वर्षं झाली. सराव आहे."

तानूबाई फोनवर होती. तिला वेगळीच काळजी. "आगं उजे, लहानपणी हिला गप्प बस, गप्प बस म्हणून मी मारलं. आता बोलती करायला डाक्टर लागला. देवाला काय सांगू?"

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला शस्त्रक्रिया झाली. उज्ज्वलाने अकरा दिवसांची रजा टाकली आणि साताऱ्याला येऊन राहिली. कितीतरी वर्षांनी दोघी बहिणी एका घरात होत्या. उज्ज्वला भाकरी थापायची, त्या तुटायच्या, आणि शालन हसू दाबत तोंडाला पदर लावायची. "हसायचं नाही हं अक्का," म्हणून उज्ज्वला दटावायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ पट्टा गुणगुणायचा. विलासराव त्या वेळी बरोबर शालनच्या शेजारी येऊन बसायचे. "निदान आत्ता तरी कळतं, कुठं बसलीय ते," म्हणायचे. पाच दिवस असे गेले. ते पाच दिवस उज्ज्वला पुढे जन्मभर आठवत राहिली.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला चुलतभाऊ बबनचा फोन आला. "उजूताई, काकी गेली. अंघोळ करून उन्हाला बसलेली. चहा घेऊन गेलो तर मान पडलेली."

उज्ज्वला अंगणात गेली. तिला रडू आलं नाही. अकरातून सहा वजा, पाच, एवढंच तिच्या डोक्यात आलं. ती वृंदावनापासून फाटकापर्यंत जायची आणि फिरायची.

"काय झालं उज्ज्वला?" ओट्यावरून विलासराव म्हणाले. "मघापासून बारा पावलं जातीस अन् फिरतीस."

तिने सांगितलं. ते म्हणाले, "शालनला सांग. लगेच. औषधाचं काय व्हायचं ते होऊ दे."

"सांगणारच आहे दाजी. पण तिने रडायचं नाही."

"आगं, आई मेलीय तिची!"

"माझीपण मेलीय," उज्ज्वला म्हणाली.

शालन आत घेवडा मोडत बसली होती. उज्ज्वला तिच्या पुढ्यात बसली, तिच्या मांडीवरची परात बाजूला केली. "अक्का, आधी माझं ऐक. तोंड मीट. घट्ट मीट." शालनने तोंड मिटलं, पण डोळ्यांत भीती आली. "आई गेली, अक्का."

शालनचं तोंड उघडलं. उज्ज्वलाने त्यावर हात ठेवला. हाताखाली तिला बहिणीचे ओठ, दात, गरम श्वास जाणवत होता. "गिळ, अक्का. हुंदका आला की गिळून टाक. पाच दिवस. फक्त पाच दिवस. मग आपण दोघी मिळून पोटभर रडू. माझ्यासाठी नको, दाजींसाठी गिळ."

शालनने गिळला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तिने तो गिळला.

बोरजाईवाडीची रीत अशी की आई मेली तर लेकीने वेशीपासून हेल काढत यायचं. 'माझ्या आई गं, मला सोडून कुठं गेलीस गं,' असं. तो हेल ऐकून गाव समजायचं की लेक आली, आणि मगच मढं हलायचं. हेलात आईच्या सगळ्या आठवणी गुंफायच्या. तिने काय खाऊ घातलं, कशी रानातून पाठीवर घेऊन आली, कोणत्या साली कोणतं लुगडं तिने स्वतःला न घेता लेकीला घेतलं. रडणारी बाई रडता रडता सांगत जायची आणि ऐकणाऱ्या बायका तिला धरून चालायच्या. शहरातल्या माणसाला हे नाटक वाटतं. ज्यांनी ते केलं आहे, त्यांना विचारावं.

वेशीवर बायका उभ्याच होत्या. गाडी थांबली. शालन उतरली. सगळ्या थांबून राहिल्या. आवाज येईना.

कृष्णाकाकू पुढे आली. ती तानूबाईची जाऊ, पंचाहत्तरीची, कमरेत वाकलेली, जिभेला मात्र वाक नाही. "थोरली आली न्हवं? मग हेल का न्हाई?"

"गळ्याला पट्टा हाय बघा," कुणीतरी म्हणालं.

"गळ्याला पट्टा हाय, काळजाला तर न्हाई! आगं, आईचं दूध पिलीस का भाताची पेज?"

"काकू, ऑपरेशन झालंय तिचं," उज्ज्वला म्हणाली. "आता आवाज काढला तर परत कधी बोलता येणार नाही."

काकूने तिच्याकडे खालून वर पाहिलं. "मग ऱ्हायला आसता आवाज. आई काय परत मरणार हाय का?"

उज्ज्वलाने शालनचं मनगट धरलं आणि दोघी कोरड्या ठणठणीत शांततेत घरापर्यंत चालत गेल्या. वाटेवर दारादारांत माणसं उभी होती. घरी तानूबाईला न्हाऊ घालून ओसरीवर निजवलं होतं. शालन तिच्या पायाशी बसली. तिचे खांदे हलत होते. उज्ज्वला तिच्या कानाशी सारखं म्हणत होती, "गिळ. गिळ, अक्का."

शेवटी काकूनेच हेल काढला. "तानूबाई गंऽ, तुझ्या लेकी शान्या झाल्या गंऽ, तुझ्यासाठी रडाया त्यास्नी सवड न्हाई गंऽ. तू उपाशी ऱ्हायलीस आन् धाकलीला पुण्याला धाडलीस गंऽ..." रडत होती ती खरंच. टोमणाही खरा होता.

त्या गलक्यात विलासराव कोपऱ्यातल्या खांबाला धरून उभे होते. "शालन कुठाय?" ते विचारत होते. "आहो, शालन कुठाय? कुणी सांगेल का?" कुणाचं लक्ष नव्हतं. शालननेच पाहिलं. ती उठून गेली आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. चाचपडताना त्यांची बोटं पट्ट्याच्या वर, तिच्या गळ्यावर पडली आणि तिथेच थांबली.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "हिच्या गळ्याला हात लावून बघ. मुठीत चिमणी धरावी तसा उडतोय."

"उडू दे दाजी," उज्ज्वला म्हणाली. "आवाज नाही ना आला?"

आवाज आला नव्हता. मातीच्या वेळी आला नाही, तिसऱ्या दिवशी सावडायला गेले तेव्हाही आला नाही. अकरावा दिवस संपेपर्यंत शालनने आपल्या आईसाठी एक शब्द, एक हुंदका बाहेर पडू दिला नाही. उज्ज्वलाला बहिणीचा अभिमान वाटला. हेही लिहायला हवं.

बाराव्या दिवशी डॉ. मुजावरांनी पट्टा सोडला. विलासराव खुर्ची ओढून अगदी जवळ बसले होते, मान कलती करून. "चला ताई," मुजावर म्हणाले. "काहीही बोला. नाहीतर असं करा, साहेबांचं नाव घ्या. उखाणा नको, नुसतं नाव."

शालन साठीची बाई, पण लाजली. तिने श्वास घेतला, ओठ जुळवले.

हवा आली.

पुन्हा श्वास घेतला. पुन्हा हवा आली. तिसऱ्यांदा तिने मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून प्रयत्न केला.

"बोलली का?" विलासराव म्हणाले. "मला ऐकू नाही आलं. बोलली का ती?"

मुजावरांनी कॅमेरा घालून पाहिलं. सत्तावीस छान धरलं होतं. साय होती, मऊ होती, पण दोरे आडवे पडले होते. सगळेच्या सगळे.

उज्ज्वलाने बहिणीच्या हातात धोक्याचं कडं घातलं, पडली तर आपल्या आपण वाजणारं, आणि ती पुण्याला परतली. सगळ्यांनी मानलं की व्रणच वाईट होता. शालननेही मानलं. उज्ज्वलाला ते मानवेना. दोन महिने ती पट्ट्याने नोंदवलेले आकडे काढून बसायची. ध्वनीच्या रकान्यात पट्ट्याच्या गुणगुणीखेरीज काही नव्हतं. मग एका दुपारी तिने एक रकाना उघडला, जो तिने तेरा रोग्यांत एकदाही उघडला नव्हता. पट्टा सैल झाला तर कळावं म्हणून त्यात एक साधा दाबमापक बसवला होता. त्याच्या रेघा पहिले पाच दिवस सपाट होत्या. सहाव्या दिवशी सकाळी अकरापासून त्या उभ्या झाल्या होत्या. एकामागून एक, पाच दिवस. तिने मोजायला घेतलं आणि चारशेवर पोचल्यावर सोडून दिलं. प्रत्येक रेघ म्हणजे गिळलेला एक हुंदका होता.

हुंदका गिळताना काय होतं हे तिने तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. खालून श्वास उसळतो, आणि तो अडवायला गळ्याच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सगळ्या ताकदीने आवळून बसतात. ताण आडवा पडतो. तिने आवाजाचा विचार केला होता, न काढलेल्या आवाजाचा केलाच नव्हता. आधीच्या तेरा जणांनीही मौन पाळलं होतं, पण त्यांच्यापैकी कुणाला काही दाबायचं नव्हतं. 'रडायचं नाही' हा नियम कुठल्या मोजमापातून आला, हे तिने स्वतःला विचारलं. कुठल्याच नाही. विरजण लावल्यावर भांडं हलवायचं नाही, हे आईने चापटी मारून शिकवलं होतं. मऊ गोष्ट धरत असताना तिला धक्का लावू नये, हे इतकं पटलेलं होतं की तपासावंसं वाटलंच नाही.

आता एक गोष्ट राहिली होती. शालन रडली असती तर?

ती माइक घेऊन बोरजाईवाडीला गेली. "काकू, त्या दिवशीसारखा हेल काढून दाखवा."

कृष्णाकाकू शेंगा फोडत होती. "उगंच कसा काढू? मेलंय का कुणी?"

"माझ्या कामाला पाहिजे."

"तुझ्या कामाला! त्या दिवशी फुकट चाललेलं तवा तुला नगं हुतं." पण उज्ज्वलाचा चेहरा पाहून तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं, डोईवर पदर घेतला. सुरुवातीला नुसतं तोंडाने चाललं होतं. मग तानूबाईचं नाव आलं, दुष्काळाच्या साली दोघी जावांनी एका भाकरीत दिवस काढला तो आला, आणि काकूचा आवाज फुटला. अर्धा तास ती रडली. शेवटी नाक पुसून म्हणाली, "झालं का तुझं काम? मला बरं वाटलं बघ."

प्रयोगशाळेत उज्ज्वलाने सत्तावीसचे चोवीस नमुने धरले, प्रत्येक नमुना दोन पातळ पापुद्र्यांमध्ये. बारांवर गिळण्याचा दाब दिला. बारांवर काकूचा हेल वाजवला, रोज अर्धा तास. अकरा दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दाबलेले बाराही आडवे होते. हेलाचे अकरा नमुने लांबीने, सरळ, विंचरलेल्या केसांसारखे पडले होते.

मुजावरांनी कागद पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. "मॅडम, हे छापा. पुढच्यांचं भलं होईल. पण ताईंना कशाला सांगता? त्यांना वाटतंय व्रण वाईट होता. वाटू दे की."

"आईसाठी रडायचा तिचा हक्क मी काढून घेतला डॉक्टर. कशाच्या बदल्यात घेतला, ते तरी तिला कळू दे."

फेब्रुवारीत ती साताऱ्याला गेली. विलासराव बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत होते. स्वयंपाकघरात खाली बसून उज्ज्वलाने शालनला सगळं सांगितलं, दाबाच्या रेघा, काकूचा हेल, चोवीस नमुने, काही लपवलं नाही. "तू रडली असतीस अक्का, तर तुझा आवाज आला असता. मी तुला गिळायला लावलं."

शालन रागावली असती तर उज्ज्वलाला बरं वाटलं असतं. तिने फोन घेतला नाही. परातीत भाकरीचं पीठ होतं, ते तिने हाताने सपाट केलं आणि त्यावर बोटाने लिहिलं, मुलांच्या पाटीवर लिहावं तसं, गोल, सुवाच्य अक्षरांत.

'मग आता रडू का?'

उज्ज्वलाने मान डोलावली. आणि शालन रडली. तोंड उघडून, छाती पिटून, डोकं मागे टाकून रडली, वेशीपासून घरापर्यंत रडायचं राहिलं होतं ते सगळं रडली. नुसती हवा येत होती. फुंकणीतून यावी तशी. उज्ज्वला मात्र आवाज करून रडत होती.

बाहेरून विलासरावांनी विचारलं, "उज्ज्वला, तू रडतीस का गं? शालन, बघ जरा तिच्याकडे. कुठं आहेस तू?"

पुढचं थोडक्यात.

सत्तावीसने पुढच्या आठ वर्षांत कितीतरी हजार माणसांना आवाज दिला. त्याच्याबरोबर जी सूचनापत्रिका मिळते, तिच्यात नियम बदललेला आहे. 'बोलू नये, हसू नये. रडू आल्यास दाबू नये, मोकळेपणाने रडावे.' लोकांना ते डॉक्टरांचं मोठं मन वाटतं. डॉ. मुजावर निवृत्त होऊन मिरजेला गेले, नातवंडांना उखाणे शिकवतात. कृष्णाकाकू शेहेचाळीस साली गेली. तिच्यासाठी हेल काढायला गावात कुणाला येत नव्हतं, म्हणून उज्ज्वलाने त्याच ध्वनिफितीतला तिचा आवाज लावला. काकू स्वतःच्या मयतीला स्वतःच रडली, असं गाव अजून सांगतं.

शालन सत्तेचाळीसच्या चैत्रात गेली. सकाळी अकराला, स्वयंपाकघरात, हृदयविकाराने. पीठ मळायचं म्हणून तिने हातातलं कडं काढून फळीवर ठेवलं होतं.

उज्ज्वलाने नोकरी सोडली आणि विलासरावांना पुण्याला आपल्या घरी आणलं. ती दिवसभर बोलत असते. पायरी आली, दूध उतू चाललंय, आभाळ लाल झालंय. ती मूळची अबोल, पण शिकली. विलासराव ऐकून घेतात. क्वचित कधी, जेवण झाल्यावर, ते एकच गोष्ट पुन्हा सांगतात.

"त्या दिवशी आत भांडं पडल्याचा आवाज आला होता. मग आणखी एक पडलं. मला वाटलं, शेजारचं मांजर शिरलं. मी म्हटलंसुद्धा, शालन, मांजर बघ गं. ती काही बोलली नाही. पण ती कधीच बोलत नव्हती ना, म्हणून मी बसून राहिलो." मग ते मान कलती करून थांबतात. "उज्ज्वला, ते मांजरच होतं ना गं?"

त्या सकाळी फळीवरचे डबे एकामागून एक कसे खाली आले होते, आणि शालनचा हात कुठपर्यंत पोचला होता, ते उज्ज्वलाने पुण्याहून धावत आल्यावर पाहिलं होतं.

"मांजरच होतं, दाजी," ती म्हणते.